पूररेषा आखा, पण सर्वांसाठी एकच

(जिल्हा मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



मेळाव्याच्या विषयपत्रिकेवर कापसाचा भाव आहे, कर्ज आहे, वीजबिल आहे. त्यात पूररेषेचा विषय घातला, तेव्हा काही कार्यकर्त्यांनी विचारले, "आपण कोरडवाहू कास्तकार. आपले रडणे पाणी नाही म्हणून. पुराचा विषय कोल्हापूर-सांगलीच्या ऊसवाल्यांचा. तो इथे कशाला?"

प्रश्न सरळ आहे, म्हणून उत्तरही सरळ देतो. कोरडवाहू म्हणजे पाऊस नसलेला मुलूख नव्हे. कोरडवाहू म्हणजे पाऊस कधी येईल आणि किती येईल, यावर ज्याची काहीच सत्ता नाही तो मुलूख. तीन आठवडे खंड पडतो, पऱ्हाटी माना टाकते, आणि मग एका रात्रीत नाला वावरात शिरतो. आपली काळी जमीन कोरडी असते तेव्हा भेगांतून पाणी पिते. एकदा भिजून फुगली की भेगा मिटतात आणि वरून पडलेले पाणी आत न जाता उताराला लागते. म्हणूनच आपल्याकडचे नाले चार तासांत भरतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कोरडे पडतात. पाणी दोन दिवस उभे राहिले तर कपाशीच्या मुळांचा श्वास कोंडतो, झाड पिवळे पडते, उभ्या उभ्या मरते. पंचनाम्याला माणूस येईपर्यंत पाणी उतरलेले असते आणि आपण त्याला दाखवत असतो की पाणी इथवर होते.

म्हणजे दुष्काळ आपला आणि पूरही आपलाच. फरक एवढाच की दुष्काळ वरून येतो. पुरातला काही भाग मात्र आता माणूस घडवू लागला आहे. तो कसा, कोण घडवतो, त्याला आवर घालण्याचा अधिकार कोणाकडे आहे आणि त्या अधिकाराच्या नावाखाली आपल्याच सातबाऱ्यावर घाव पडणार नाही ना, एवढेच आज बोलायचे आहे.

मोवाड विसरू नका

विदर्भातल्या माणसाला पूर म्हणजे काय हे पुस्तकातून शिकवावे लागत नाही. नागपूर जिल्ह्यातल्या नरखेड तालुक्यात वर्धा नदीच्या काठी मोवाड आहे. ३० जुलै १९९१ रोजी वर्धेला पूर आला आणि त्या गावातली २०४ माणसे गेली. उरलेल्यांना जुने गाव सोडून नव्या जागी वस्ती करावी लागली.

आता दुसरी तारीख ऐका. नदीकाठच्या बांधकामांवर बंधन घालण्यासाठी पूररेषा आखा, असे सांगणारे परिपत्रक महाराष्ट्र शासनाच्या पाटबंधारे खात्याने २१ सप्टेंबर १९८९ रोजी काढले होते. मोवाड बुडाले तेव्हा त्या कागदाला पावणेदोन वर्षे होऊन गेली होती. परिपत्रक निघाले म्हणून नदी थांबत नाही. काठावरच्या माणसाला पाणी कुठवर येऊ शकते हे कोणी सांगितले आणि त्याला राहायला दुसरी जागा दिली, तरच त्या कागदाचा उपयोग.

मोवाडनंतरही नद्यांनी आठवण देणे थांबवलेले नाही. २६ जुलै २००५ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मिठी नदीने आपली जागा परत मागितली. कोल्हापूर-सांगलीने २००५, २०१९ आणि २०२१ असे तीन महापूर पाहिले. २०२२च्या पावसाळ्यात चंद्रपूर जिल्ह्यात वर्धा आणि इरई फुगल्या. २३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे नागपुरात अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांमध्ये पाणी घुसले. ही यादी भीती घालायला वाचत नाही. यातल्या प्रत्येक ठिकाणी पाऊस जास्त होता हे खरेच. पण पाणी जायचे कुठून, हा प्रश्नही प्रत्येक ठिकाणी निघाला.

निळी आणि लाल

पूररेषा म्हणजे काय ते आधी समजून घेऊ, कारण आपल्याला न समजणाऱ्या शब्दांनीच आपल्या जमिनी जातात.

रेषा दोन आहेत. पहिली निळी. सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर, किंवा नदीच्या पात्रात मावते त्याच्या दीडपट पाणी, यांपैकी जे जास्त असेल ते जिथवर पोचेल, ती निळी रेषा. नदी आणि निळी रेषा यांच्यामधला पट्टा निषिद्ध. तिथे शेती करा, बाग करा, मैदान ठेवा, घर बांधू नका. दुसरी लाल. शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर पोचेल ती. निळ्या आणि लाल रेषेमधला पट्टा नियंत्रित. तिथे बांधकाम करता येते, पण अटी पाळून.

"पंचवीस वर्षांतून एकदा" या शब्दांनी मात्र फसू नका. मागच्या वर्षी पूर येऊन गेला, आता चोवीस वर्षे निवांत, असा त्याचा अर्थ नाही. एका मडक्यात पंचवीस चिठ्ठ्या टाका. एकीवर 'पूर' लिहा. दरवर्षी मृगाला एक चिठ्ठी काढा आणि ती परत मडक्यात टाका. यंदा पुराची निघाली तरी पुढच्या वर्षी पुन्हा निघू शकते. असे तीस वर्षे केले, तर पुराची चिठ्ठी एकदा तरी निघण्याची शक्यता शंभरात सत्तर भरते. घर आपण तीस वर्षांपेक्षा जास्त काळासाठी बांधतो. म्हणजे निळ्या रेषेच्या आत घर बांधणाऱ्याच्या आयुष्यात पाणी घरात येणार, हेच जास्त संभवते. लाल रेषेचे तेच गणित केले तर तीस वर्षांत शंभरात सव्वीस. चार घरांतल्या एका घराला आपले कर्ज फिटेपर्यंत एकदा पाणी पाहावे लागते, असे समजा.

बंधनाच्या बाजूने आपण बोलायचे का?

आता खरा प्रश्न. आपल्या चळवळीने आयुष्यभर बंधनांशी झगडा केला. एकाधिकार खरेदीच्या काळात आपलाच कापूस राज्याबाहेर नेणे गुन्हा होता. निर्यातबंदी, साठ्यावर मर्यादा, परवाना, कोटा, हे सगळे आपण भोगले. सरकार "तुमच्या भल्यासाठी" म्हणत बंधन घालते आणि भले नेहमी दुसऱ्याचेच होते, हा आपला अनुभव आहे. मग आता आपणच उठून सरकारला म्हणायचे का, की आमच्या जमिनीवर रेषा ओढा?

आम्ही यावर पुष्कळ खल केला. आमचे मत असे झाले आहे की, ही एक रेषा मागायला हवी. मात्र ती आपल्या अटींवर.

त्याचे कारण गावातलेच आहे. आपली मालकी आपल्या धुऱ्याच्या आत असते. धुऱ्याच्या आत आपण कपाशी लावू, ज्वारी लावू, पडीक ठेवू, विकू. त्यात कोणी बोलायचे कारण नाही. पण कोणी आपला धुरा उंच करून, पाट वळवून, आपले पाणी शेजाऱ्याच्या वावरात लोटले, तर त्याला मालकी हक्क म्हणत नाहीत. त्यावरून गावात काठ्या निघतात, आणि पंच बसले तर पाणी पहिल्या वाटेने सोडायला लावतात. आपल्या मालाच्या भावावर बंधन घालणे वेगळे, आणि आपले पाणी दुसऱ्यावर ढकलू नये हे बंधन वेगळे. पहिले लूट आहे. दुसरे शेजारधर्म आहे, आणि शेजाऱ्याच्या मालकीचे रक्षणही तेच करते.

नदीकाठी भराव टाकणे म्हणजे नेमके हेच, धुरा उंच करणे. हिशेब मांडू. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. त्यावर तीन फूट मुरूम टाकला, की पुराच्या वेळी तिथे जे तीन फूट पाणी पसरले असते ते पसरायची जागा गेली. ते पाणी भरते सुमारे ३७ लाख लिटर. दहा हजार लिटरचे ३७० टँकर. हा एका एकराचा हिशेब झाला. दहा एकरांचा लेआउट पडला तर ३,७०० टँकर. हे पाणी नाहीसे होत नाही. ते समोरच्या काठावर जाते, वरच्या अंगाला तुंबते, शेजारच्या वावरात जास्त वेळ उभे राहते. भराव टाकणाऱ्याचे प्लॉट कोरडे राहतात आणि त्याची किंमत समोरच्या काठावरची पऱ्हाटी मोजते. पंचनाम्यात मात्र लिहिले जाते "अतिवृष्टी". मुरमाचे नाव त्यात कुठेही नसते.

लेआउट कोण पाडतो, घर कोण घेतो

तालुक्याच्या गावाला लागून नाल्याकाठची खोलगट जमीन असते. ती स्वस्तात मिळते. उन्हाळ्यात नाला कोरडा असतो तेव्हा तिथे चुन्याच्या रेघा पडतात, रंगीत झेंड्या लागतात, फलक लागतो. हप्त्यावर प्लॉट. पावसाळ्यात जागा दाखवायला कोणी नेत नाही.

तिथे प्लॉट घेतो कोण? बंगलेवाला घेत नाही, त्याला उंचावरची जागा परवडते. घेतो तो आपलाच पोरगा, शेती परवडत नाही म्हणून तालुक्याला गेलेला. कोणी शाळेत शिकवतो, कोणी गाडी चालवतो, कोणी दुकानात हिशेब लिहितो. बापाने दोन एकर विकून दिलेले पैसे त्या नाल्यात पुरतो. पुढे पाणी घरात आले की सरकार म्हणते बांधकाम अनधिकृत, प्लॉट विकणारा म्हणतो सही तुझीच आहे.

आणि जमीन विकणाराही पुष्कळदा आपलाच माणूस असतो, हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. चाळीस वर्षे ज्या जमिनीने पोटाला दिले नाही, तिला एकदाच भाव येतो, तो लेआउटवाल्याकडून. उद्या तिच्यावर निळी रेषा पडली तर तो भावही जातो. म्हणून "पर्यावरणासाठी त्याग करा" असे शहाणपण आम्ही त्या शेतकऱ्याला शिकवणार नाही. त्याग करायला त्याच्याकडे उरले आहे काय? त्याच्या नुकसानीचा हिशेब झाल्याशिवाय पूररेषेचे बोलणे पुरे होत नाही.

तिसराही एक माणूस आहे. गावठाणात जागा नाही म्हणून नाल्याच्या काठी कुडाचे घर घातलेला शेतमजूर. पूररेषा आखली की पहिला हातोडा त्याच्याच घरावर पडतो, कारण त्याच्याकडे वकील नाही. गावठाण वाढवून उंचावर जागा न देता त्याला उठवणे म्हणजे त्याला एका नाल्यावरून दुसऱ्या नाल्यावर नेऊन बसवणे.

कायद्यातून गळलेले कलम

आता कायद्याकडे वळू. केंद्र सरकारने पूरक्षेत्राच्या नियमनासाठी एक नमुना विधेयक तयार करून १९७५ साली सर्व राज्यांना पाठवले. जमीन आणि पाणी हे राज्यांचे विषय, म्हणून कायदा राज्यांनी करायचा होता. मणिपूरने १९७८ साली केला, राजस्थानने १९९० साली, उत्तराखंडने २०१२ साली. महाराष्ट्राने परिपत्रकांवर काम भागवले. १९८९चे परिपत्रक, मग २०१८चे, आणि डिसेंबर २०२०मध्ये मंजूर झालेल्या एकत्रित बांधकाम नियमावलीतली काही कलमे.

कायदा काय आणि परिपत्रक काय, आपल्याला काय फरक पडतो, असे म्हणू नका. त्या नमुना विधेयकात क्षेत्राची मोजणी होती, रेषेची जाहीर अधिसूचना होती, अडथळे काढण्याचा अधिकार होता आणि नुकसानभरपाईचेही प्रकरण होते. परिपत्रकाने बंधन तेवढे उचलले. भरपाई वाटेतच गळली. चूक अशी नेहमी एकाच बाजूला कशी होते, हे आपल्याला नवे नाही.

२०२०च्या नियमावलीत काय आहे तेही पाहा. निळ्या रेषेच्या आत नवे बांधकाम नाही. निळ्या आणि लाल रेषेमध्ये बांधायचे तर जोते लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर, म्हणजे दीड फूट उंच हवे. ठीक आहे. पण पुढे अशी सवलत आहे की, एखाद्या विकासयोग्य भूखंडाचा काही भाग पूररेषेत येत असेल, तर त्या भागाचे चटईक्षेत्र मालकाला उरलेल्या जागेवर वापरता येते. म्हणजे ज्याच्याकडे वीस एकर आहेत, पाच रेषेच्या आत आणि पंधरा बाहेर, त्याचे काहीच गेले नाही; तो पंधरा एकरांवर उंच इमारत बांधेल. ज्याच्याकडे दोनच एकर आहेत आणि दोन्ही रेषेच्या आत, त्याने ते चटईक्षेत्र कुठे वापरायचे? आकाशात? नियम एकच, पण मोठ्याला भरपाई आपोआप मिळते आणि लहानाला मिळते ती रेषा.

दुसरा बदल. आपली जुनी मागणी होती की, अकृषक परवान्याची कटकट कमी करा, त्यात फक्त चिरीमिरी चालते. महसूल संहितेत २०१७पर्यंत झालेल्या दुरुस्त्यांनी विकास आराखड्यातल्या आणि गावठाणापासून २०० मीटरच्या आतल्या जमिनींसाठी ही कटकट बरीच कमी केली. चांगले झाले. पण गावठाणे बहुतेक नदी-नाल्याच्या काठीच वसलेली आहेत. त्या २०० मीटरमध्ये पाणी कुठवर येते याची रेषा आधी आखलेली नसेल, तर मोकळीक पहिल्यांदा वापरणार तो लेआउटवाला. म्हणून परवाना कमी करा आणि माहिती वाढवा. पाणी कुठवर येते हे सातबाऱ्याइतके उघड असेल, तर दहा परवान्यांची गरज उरत नाही.

अधिकार कोणाचा

रेषा आखते जलसंपदा खाते. आराखडा करते नगररचना खाते. महसूल जिल्हाधिकाऱ्याकडे. बांधकामाची परवानगी शहरात नगरपालिकेकडे. राज्यघटनेच्या ७४व्या दुरुस्तीने, १९९३ साली, शहरांच्या यादीत जमिनीच्या वापराचे आणि बांधकामांचे नियमन हा विषय स्पष्ट घातला. त्याच वर्षी अमलात आलेल्या ७३व्या दुरुस्तीने पंचायतींना २९ विषयांची यादी दिली. तीत ग्रामीण घरबांधणी आहे, बांधकामांचे नियमन असा विषय नाही. ग्रामपंचायत कायद्यात कलम ५२ बांधकामाच्या परवानगीचे आहे खरे, पण ज्या ग्रामपंचायतीकडे पूररेषेचा नकाशाच नाही, ती कशाच्या आधारावर हो म्हणणार किंवा नाही म्हणणार?

चार खाती आणि जबाबदार कोणीच नाही. बुडाल्यावर प्रत्येक जण दुसऱ्याच्या फायलीकडे बोट दाखवतो.

शिवाय बंधन मोडणारे सगळेच लेआउटवाले नसतात. रस्त्याचा भराव टाकताना मोऱ्या कमी आणि अरुंद ठेवल्या जातात. पुलाच्या दोन्ही बाजूंचा भराव थेट पात्रात नेला जातो. सरकारी इमारतीला जागा मिळत नाही म्हणून ती नाल्यावर बांधली जाते. शेतकऱ्याने गोठा बांधला तर नोटीस आणि खात्याने भराव टाकला तर विकास, हे चालणार नाही. रेषा सरकारवरही बांधील हवी, नाहीतर ती रेषा नव्हे, आपल्यापुरते कुंपण आहे.

परदेशात कसे करतात

अमेरिकेचे उदाहरण देतो, कारण मालकी हक्काला तिथे फार मान आहे असे म्हणतात. तिथे १९६८ साली पूरविम्याची राष्ट्रीय योजना आली. अट अशी की, ज्या गावाला किंवा काउंटीला हा विमा हवा, त्याने पूरक्षेत्रातल्या बांधकामाचे नियम स्वतः करायचे आणि पाळायचे. त्यांचा मोजदंडही सोपा. शंभर वर्षांच्या पुराची पातळी सगळे भराव मिळून एक फुटापेक्षा जास्त वाढता कामा नये. म्हणजे परवानगी मागणाऱ्याला पहिला प्रश्न हा की, तुझ्यामुळे शेजाऱ्याकडे पाणी किती चढेल?

भरपाईचा वाद तिथेही झाला. लॉस एंजेलिस काउंटीत एका चर्चची अपंग मुलांच्या शिबिराची जागा ओढ्याकाठी होती. १९७८च्या पुरात तिथल्या इमारती वाहून गेल्या. १९७९मध्ये काउंटीने तिथे पुन्हा बांधायला मनाई केली. चर्च कोर्टात गेले. १९८७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, नियमाने जमिनीचा सगळा उपयोग हिरावला गेला, तर तो काही काळापुरता असला तरी भरपाई द्यावी लागेल. खटला परत खालच्या कोर्टात गेला. १९८९मध्ये कॅलिफोर्नियाच्या कोर्टाने ठरवले की, ही मनाई माणसांचे जीव वाचवण्यासाठी होती, त्यात हिरावून घेणे झाले नाही, म्हणून भरपाई नाही.

दोन्ही निकाल एकत्र ठेवा, आपल्याला न्यायाची वाट दिसते. नदीच्या वाटेत घर बांधू नको, हे जिवासाठी सांगितलेले बंधन आहे. त्याबद्दल पैसे मागणे आपल्यालाही शोभणार नाही. कपाशी, ज्वारी, तूर तिथे घेता येते. पण शहर कोरडे राहावे म्हणून पाणी आमच्या वावरात थांबवायचे असेल, तर ती शहराची सेवा झाली. दोन दिवस आमचे शेत तुमचा तलाव झाले. तलावाला भाडे लागते. उभे पीक गेले तर पिकाची पूर्ण किंमत, जमीन खरडून गेली तर जमिनीची किंमत. हे अनुदान नव्हे, मदत नव्हे, पॅकेज तर नव्हेच. केलेल्या सेवेचे दाम आहे, घामाच्या दामासारखेच.

आणखी एक सावधगिरी. उद्या त्याच जमिनीतून रस्ता काढायचा झाला, की "ही पूररेषेतली जमीन" म्हणून मोबदल्याचा दर पाडायचा प्रयत्न होईल. सरकारने आधी रेषा ओढून भाव पाडायचा आणि मग पडलेल्या भावात जमीन घ्यायची, हा डाव आपण आधीच ओळखला पाहिजे.

आपल्या मागण्या

म्हणून या मेळाव्यापुढे आम्ही ठरावासाठी पुढील मागण्या ठेवतो.

एक. पूरक्षेत्राचा कायदा राज्याने विधानसभेत करावा, परिपत्रकावर भागवू नये. १९७५च्या नमुन्यातले भरपाईचे प्रकरण त्यात असलेच पाहिजे.

दोन. पूररेषा केवळ मोठ्या शहरांपुरती नको. तालुक्याची गावे आणि नदीकाठची गावठाणे यांच्या रेषा गट नंबरनिहाय आखाव्यात, नकाशा मराठीत ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावावा, आणि ग्रामसभेत हरकती ऐकल्याशिवाय रेषा कायम करू नये.

तीन. भरावाच्या प्रत्येक परवानगीआधी शेजारच्या आणि समोरच्या काठावरच्या शेतकऱ्यांना नोटीस द्यावी. भरावामुळे पाणी चढले तर नुकसान भराव टाकणाऱ्याने भरावे.

चार. रस्ते, पूल, सरकारी इमारती यांना तोच नियम.

पाच. रेषेत पूर्ण जमीन गेलेल्या लहान शेतकऱ्याला तिच्या चटईक्षेत्राचा विकता येईल असा हक्क द्यावा. मोठ्याला मिळते ते लहानालाही मिळावे. भूसंपादनात पूररेषेच्या नावाने दर कमी करू नये.

सहा. गावठाण वाढवून उंचावर जागा दिल्याशिवाय नाल्याकाठच्या एकाही मजुराचे घर हलवू नये.

गावात जाऊन काय करायचे

ठराव मुंबईला जाईल तेव्हा जाईल. तोवर हात बांधून बसायचे कारण नाही. पाणी कुठवर आले होते, याची साक्ष आपल्या गावातल्या म्हाताऱ्या माणसांकडे आहे. येत्या महिन्यात त्यांना घेऊन गावात फिरा. कोणत्या साली पाणी मारुतीच्या पारापर्यंत आले, कोणत्या साली शाळेच्या पायरीला लागले, ते विचारा. तिथे भिंतीवर रंगाने रेघ ओढा आणि साल लिहा. ग्रामसभेत तो सगळा तपशील गट नंबरांसह ठरावात घ्या आणि त्याची एक प्रत तहसीलदाराला, एक जलसंपदा खात्याच्या कार्यकारी अभियंत्याला पोच घेऊन द्या. आपल्या गावाच्या नदीची पूररेषा आखली आहे का, असल्यास नकाशाची प्रत द्या, असा माहिती अधिकाराचा अर्ज करा. नगरपालिकेच्या हद्दीलगत ज्यांच्या जमिनी आहेत त्यांनी विकास आराखड्याच्या जाहिराती वाचायची सवय लावून घ्या. हरकतीची मुदत संपल्यावर कितीही ओरडलात तरी कोणी ऐकत नाही.

आणि पोराला तालुक्याला प्लॉट घेऊन द्यायचा असेल, तर तो आषाढात पाहायला जा. चैत्रात सगळेच प्लॉट कोरडे असतात.

एवढेच सांगायचे होते. कापसाच्या भावाची लढाई मोठी आहे, ती चालूच राहील. पण भाव मिळाला आणि पऱ्हाटीच पाण्यात गेली, तर तो भाव घ्यायला माल कुठून आणणार? आपल्या जमिनीवर कोण पाणी लोटतो हे विचारण्याचा हक्क आपला आहे. तो कोणी देईल म्हणून वाट पाहू नका. गावी जा आणि पहिली रेघ आपल्या हाताने ओढा.

जय किसान.